गावाच्या पाण्याचा हिशेब, महाविद्यालयाच्या वेळापत्रकात

किनवट तालुक्यातल्या इस्लापूर, जलधरा, शिवणी या पट्ट्यातली मुले बारावीनंतर किनवटला, हिमायतनगरला, भोकरला किंवा थेट नांदेडला शिकायला जातात. ज्या विद्यापीठाची पदवी त्यांना मिळते, ते स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. या जिल्ह्यांपुढचा आजचा सर्वांत मोठा प्रश्न पाण्याचा आणि जमिनीचा आहे. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी होते. किनवटकडे तुलनेने पाऊस चांगला पडतो, सहस्रकुंडावर पैनगंगा पावसाळ्यात धो धो कोसळते, तरीही मार्च सरला की वाड्या-तांड्यांवर हंड्यांची रांग लागते. पाऊस भरपूर आणि पाणी नाही, हे कोडे सोडवणे पदवीच्या अभ्यासाचा भाग असायला हवे. तो कसा करायचा, त्याची ही कृती. ती प्राध्यापकांसाठी लिहिली आहे, कारण हे काम प्राचार्यांच्या परिपत्रकाने सुरू होत नाही. एका विभागातल्या दोन-तीन शिक्षकांनी ठरवले की सुरू होते.

आधी घड्याळ बघा

नवा पेपर मागू नका. नव्या पेपरसाठी अभ्यास मंडळ, विद्या परिषद, मग पुस्तक, मग परीक्षा अशी साखळी लागते आणि तिच्या शेवटी हाती पुन्हा एक गाइड येते. आपल्याकडे हे एकदा होऊन गेले आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले. पुढे २००३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला आणि पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले. पुस्तक चांगले होते. पण पन्नास तासिकांपैकी प्रत्यक्ष बाहेर जाण्यासाठी फक्त पाच तासिकांचा वेळ होता, आणि बहुतेक ठिकाणी त्या पाचांचे रूपांतर झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या प्रकल्पात झाले. विद्यार्थ्याने ओझोनच्या थरावर पानेच्या पाने लिहिली. आपल्या घरच्या विहिरीचे पाणी किती फूट खाली गेले, हे त्याला कोणी विचारले नाही.

आता परिस्थिती बदलली आहे, आणि ती आपल्या बाजूने बदलली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी राज्याने २० एप्रिल २०२३ रोजी शासन निर्णय काढला. त्यानंतर पदवीच्या आराखड्यात पर्यावरणाच्या पेपरसोबत क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग हे स्वतंत्र भाग आले. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला तीस तास धरतात. म्हणजे दोन श्रेयांकांचा क्षेत्र प्रकल्प साठ तासांचा आणि तेवढाच समुदाय सहभाग आणखी साठ तासांचा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास द्यायचे असतात, शिवाय दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर असते. बेरीज केली तर अशा एका स्वयंसेवक विद्यार्थ्यामागे २४० तास हाती आहेत, आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागायची नाही. आज हे तास विखुरलेले आहेत. एक गट प्लॅस्टिक गोळा करतो, दुसरा वृक्षदिंडी काढतो, तिसरा पथनाट्य करतो. वर्ष संपते आणि पुढची तुकडी पुन्हा शून्यापासून सुरू करते.

म्हणून पहिली पायरी एवढीच : स्टाफरूममध्ये बसून आपल्या महाविद्यालयाच्या वेळापत्रकातले असे सगळे तास एका कागदावर लिहा आणि ते सगळे एकाच गावावर, एकाच प्रश्नावर, किमान तीन वर्षांसाठी लावा. या परिसरासाठी तो प्रश्न पाण्याचा असावा, असे माझे ठाम मत आहे. पाण्यात रसायनशास्त्र आहे, अर्थशास्त्र आहे, कायदा आहे, भूगोल आहे, जातीचा आणि बाईच्या श्रमाचा प्रश्नही आहे. शिवाय गावातल्या कुणालाही तो समजावून सांगावा लागत नाही.

गाव निवडणे

गाव मोठे नको. आठशे-हजार हेक्टरचे शिवार आणि दीड-दोन हजार लोकवस्ती असेल तर वीस-पंचवीस विद्यार्थ्यांना ते पेलते. महाविद्यालयापासून एसटीने किंवा दुचाकीने अर्ध्या तासात पोचता यायला हवे. सर्वांत महत्त्वाची अट : त्या गावची निदान चार-पाच मुले-मुली महाविद्यालयात शिकत असली पाहिजेत. का, ते पुढे मे महिन्याच्या नोंदीपाशी आल्यावर कळेल.

सरपंच आणि ग्रामसेवकाला भेटा, पण तेवढ्यावर थांबू नका. किनवट तालुक्याचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा आणि त्याखालचे राज्याचे नियम २०१४ चे. त्यांनुसार पाड्याला, पोडाला, तांड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते. गोंड, कोलाम, आंध, परधान, बंजारा अशी वस्ती एकाच ग्रामपंचायतीत असते आणि प्रत्येकाच्या पाण्याची जागा वेगळी असते. मूळ गावातल्या चावडीवर झालेली संमती पोडावरच्या माणसांची संमती मानू नका. पोडावर वेगळे जा, बसा, काय मोजणार आणि का मोजणार ते सांगा. गोंडी किंवा गोरमाटी बोलणारा विद्यार्थी सोबत असेल तर त्यालाच बोलू द्या. वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसणारे हे पोरगे तिथे सगळ्या गटाचा पुढारी होते, आणि ते व्हायलाच हवे.

पैनगंगा अभयारण्याच्या किंवा राखीव वनाच्या हद्दीत जायचे असेल तर वन विभागाची लेखी परवानगी आधी घ्या.

साहित्य

तीस मीटरचा फायबर टेप, त्याला बांधायला एक ओळंबा, खडू, ऑइल पेंटचा छोटा डबा, पर्जन्यमापक, टीडीएस मीटर, पीएचच्या पट्ट्या, आणि जाड पुठ्ठ्याची, शिवलेली, पान फाडता न येणारी एक वही. हे सगळे पाच हजारांच्या आत बसते. पर्जन्यमापक विकत घेणे जमले नाही तर सरळ भिंतीची, सपाट तळाची बरणी चालते. तिच्यात साठलेल्या पाण्याची खोली मिलीमीटरमध्ये मोजली की तोच पाऊस. मोबाइलवर नोंदी ठेवायला हरकत नाही, पण मूळ नोंद वहीतच. वही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दाखल क्रमांक देऊन ठेवा. प्राध्यापकाची बदली झाली, निवृत्ती झाली, तासिका तत्त्वावरचा शिक्षक दुसरीकडे गेला, तरी वही जागेवर राहिली पाहिजे. आमच्या भागात चांगल्या कामांचा शेवट बहुतेक वेळा माणूस गेल्यामुळे होतो.

जून : पाऊस मोजायला सुरुवात

मृग निघण्याआधी, म्हणजे ७ जूनच्या आत, गावात दोन ठिकाणी पर्जन्यमापक बसवा. एक गावठाणात शाळेच्या आवारात, दुसरा शिवाराच्या माथ्याकडे एखाद्या शेतात. झाडापासून आणि भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर ठेवा. रोज सकाळी साडेआठला नोंद घ्या, कारण हवामान खात्याची वेळ तीच आहे. इस्लापूर हे महसूल मंडळ असल्यामुळे मंडळाच्या पावसाचे आकडे शासनाच्या संकेतस्थळावर मिळतात. ते शेजारच्या रकान्यात लिहीत जा. माथ्यावरचा आणि गावातला आकडा वेगळा आला, मंडळाचा तिसराच निघाला, तर घाबरू नका. पीक विम्याची बरीच भांडणे याच फरकावर उभी असतात, हे विद्यार्थ्याला त्या दिवशी आपोआप समजते. अर्थशास्त्राच्या शिक्षकाने ती संधी सोडू नये.

विहिरी : सगळ्या कृतीचा गाभा

पावसाळा चालू असतानाच बारा ते पंधरा विहिरी निवडा. सोयीच्या, रस्त्यालगतच्या विहिरी घेतल्या तर हिशेब चुकेल. शिवाराच्या माथ्यापासून ओढ्यापर्यंत एक रेघ मनात ओढा आणि तिच्या आसपास माथ्यावरच्या चार-पाच, मधल्या उतारावरच्या चार-पाच आणि ओढ्याकाठच्या चार-पाच विहिरी घ्या. एक तरी पिण्याच्या पाण्याची सार्वजनिक विहीर असू द्या, आणि पोडाजवळची एक. वापरात नसलेला जुना आड असेल तर तो अवश्य घ्या. उपसा नसल्यामुळे त्याची पातळी सर्वांत खरी बोलते.

मालकाला आधी विचारा. कुणाच्या विहिरीत किती पाणी आहे ही खासगी गोष्ट असते. तिच्यावर कर्ज, वाटणी, भाऊबंदकी सगळे अवलंबून असते. ‘मामा, विहीर किती परस खोल हाय?’ असे विचारले की बोलणे सुरू होते. ते सांगतील तो आकडा परसातच, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापातच, लिहून घ्या आणि शेजारी मीटर लिहा. विहीर कोणत्या साली खोदली, पहिल्यांदा पाणी कुठे लागले, काळी माती किती, मुरूम किती, खडक कुठे सुरू झाला, आडवे बोअर मारले का, कोणत्या साली आटली होती, हे सगळे त्याच बैठकीत विचारा. जिल्ह्याच्या पूर्वेकडे काळ्या बेसाल्टखेरीज ग्रॅनाइटसारखा कठीण खडकही येतो. विहीर खोदलेला माणूस तुम्हाला भूगर्भाचा उभा छेद तोंडी सांगत असतो. भूगोलाच्या विद्यार्थ्याने तो कागदावर काढायचा.

आता मोजणी. कठड्यावर एका जागी ऑइल पेंटने लाल खूण करा, आणि पुढची सगळी वर्षे त्याच खुणेपासून मोजा. टेपच्या टोकाला ओळंबा बांधा आणि शेवटच्या हातभर लांबीला खडू चोळा. टेप हळूहळू पाण्यात सोडा, खुणेवर कोणता आकडा आला तो वाचा, मग वर ओढून खडू कुठपर्यंत ओला झाला ते बघा. पहिल्या आकड्यातून ओल्या भागाची लांबी वजा करा. शेवटी कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा केली की जमिनीखाली पाणी किती मीटरवर आहे ते मिळाले. दोनदा मोजा. दोन्हींत पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा मोजा. मोजणी सकाळी, मोटर सुरू होण्याआधी करायची. रात्रीची वीज असेल आणि पहाटेपर्यंत उपसा झाला असेल तर तसे वहीत लिहा. ‘मोटर बंद होऊन किती तास झाले’ हा रकाना रिकामा ठेवलेली नोंद मी धरणार नाही.

सुरक्षिततेबद्दल एकच नियम, आणि त्याला अपवाद नाही : कठडा नसलेल्या विहिरीवर वाकायचे नाही, आणि कोणत्याही कारणाने कुणीही विहिरीत उतरायचे नाही. प्रत्येक गटात तीन जण हवेत. दोघे मोजतात, तिसरा लिहितो आणि लक्ष ठेवतो.

वर्षातून चार वेळा मोजा : ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. हे महिने मी मनाने ठरवलेले नाहीत. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून काम करते आणि तिच्या निरीक्षण विहिरी याच महिन्यांत मोजल्या जातात. आपले महिने तेच ठेवले तर आपला आकडा सरकारी आकड्याशेजारी ठेवता येतो.

इथे एक व्यावहारिक अडचण आहे. ऑक्टोबरमध्ये सत्र परीक्षा आणि दिवाळी, मेमध्ये उन्हाळी सुट्टी. वर्षातल्या सर्वांत मोलाच्या दोन नोंदी नेमक्या तेव्हाच घ्यायच्या असतात, आणि मेची नोंद चुकली तर वर्षाचा हिशेब गेला. गावातलीच चार-पाच मुले महाविद्यालयात हवीत, असे वर म्हटले ते यासाठी. सुट्टीतही ती गावातच असतात. त्यांना ‘कमवा आणि शिका’ योजनेत या मोजणीचे मानधन द्या. पंधरा विहिरी दोन सकाळींत होतात. सुट्टीत फुकट राबवून घेण्यापेक्षा कामाचे पैसे देणे योग्य, आणि त्याने नोंदही चोख होते.

हिशेब मांडणे

ऑक्टोबरची नोंद आली की वर्गात फळ्यावर हिशेब मांडा. गणितात फार काही नाही. एका चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढे धरून निघायचे.

समजा शिवार ८०० हेक्टरचे आहे आणि पाऊस १००० मिलीमीटर झाला. शिवारावर ८० लाख घनमीटर पाणी पडले. त्यातले बरेचसे ओढ्याने पैनगंगेला गेले, काही पिकांनी आणि उन्हाने नेले. खडकात मुरण्याचे प्रमाण दहा टक्के धरले तर आठ लाख घनमीटर जमिनीत गेले. हा झाला पावसाच्या बाजूने हिशेब. आता विहिरींच्या बाजूने करा. मे महिन्यातल्या पातळीपेक्षा ऑक्टोबरची पातळी सरासरी पाच मीटर वर आली असेल आणि खडक आपल्या आकारमानाच्या दोन टक्के पाणी सोडत असेल, तर ८० लाख चौरस मीटर गुणिले पाच गुणिले ०.०२ म्हणजे पुन्हा आठ लाख घनमीटर. मी दाखवण्यासाठी आकडे जुळते घेतले आहेत. प्रत्यक्षात ते जुळणार नाहीत, आणि का जुळत नाहीत हे शोधण्यातच खरा अभ्यास आहे. दोन टक्के हा आकडा आपल्या खडकाला लागू आहे का, माथ्यावरच्या विहिरी कमी घेतल्या का, पाझर तलावाखालच्या विहिरीने सरासरी बिघडवली का, यावर संख्याशास्त्र आणि भूगोलाच्या मुलांना वाद घालू द्या.

पुढची पायरी खर्चाची. मुरलेले सगळे पाणी उपसता येत नाही. सत्तर टक्के धरा, म्हणजे ५ लाख ६० हजार घनमीटर. जल जीवन मिशनच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर धरले तर दोन हजार लोकांना वर्षाला सुमारे ४० हजार घनमीटर लागते. हजार जनावरांना प्रत्येकी ५० लिटर धरून आणखी १८ हजार. राहिले पाच लाख. हरभऱ्याला २५० मिलीमीटर पाणी धरले, तर हेक्टरी अडीच हजार घनमीटर होते, म्हणजे दोनशे हेक्टर हरभरा भिजतो. गव्हाला ४०० मिलीमीटर धरले तर सव्वाशे हेक्टर. उसाला दोन हजार मिलीमीटर धरले तर फक्त पंचवीस हेक्टर. काळ्या रानातल्या हरभऱ्याला जमिनीतली ओल मिळते, त्यामुळे त्याचा विहिरीतून उपसा याहून कमी असतो. तेही मुलांनी शेतकऱ्याला विचारून दुरुस्त करावे.

आता या आकड्यांतली एक जोडी मोठ्या अक्षरांत लिहा : दोन हजार लोकांचे वर्षभराचे पिण्याचे-वापरायचे पाणी ४० हजार घनमीटर, आणि दोन हेक्टर उसाचे पाणीही ४० हजार घनमीटर. लातूरच्या रेल्वेचे कारण शोधायला मग फार दूर जावे लागत नाही. त्या गाडीचे छायाचित्र सगळ्यांनी पाहिले आहे. तिच्यामागचे गणित मात्र पदवीच्या वर्गात कुणी केले नाही, याचे मला वाईट वाटते.

पेरा प्रत्यक्षात किती, हे तलाठ्याकडच्या नोंदीतून आणि ई-पीक पाहणीतून काढा, आणि एक दिवस शिवारफेरी करून पडताळून पाहा.

पाण्याची प्रत

टीडीएस आणि पीएच विद्यार्थी स्वतः मोजू शकतात. किनवट तालुक्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेबाहेर आढळले आहे, म्हणून इथे फ्लोराइड वगळून चालणार नाही. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालते, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. त्या महिलांना शोधा, आणि रसायनशास्त्राच्या मुलींनी त्यांच्यासोबत तपासणी करावी.

पण एक पथ्य पाळा. संचाने लाल निशाणी दाखवली म्हणून हापशावर जाऊन ‘हे पाणी विषारी आहे’ असे सांगू नका. बायका मग दोन किलोमीटर लांबच्या ओढ्यावर जातील, आणि त्या पाण्याने वेगळे आजार येतील. नमुना शासकीय प्रयोगशाळेत पाठवा, अहवाल हाती येऊ द्या, पर्यायी पाणी कुठून मिळेल हे ग्रामपंचायतीशी बोलून घ्या, आणि मग त्या महिला, ग्रामपंचायत आणि विद्यार्थी असे तिघे मिळून सांगा. विद्यार्थ्याला विज्ञानातली जबाबदारी शिकवायची असेल तर तिचा धडा इथे आहे.

प्रत्येक विभागाला आपला वाटा

येथे मी थोडक्यात लिहितो, कारण ज्याचा विषय त्याने आपली वाट काढावी. वाणिज्यच्या मुलांनी ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याचे वीजबिल आणि पाणीपट्टीची वसुली यांचा ताळेबंद काढावा. अनेक नळयोजना बिल थकल्याने बंद पडतात. राज्यशास्त्राने पेसा आणि वनहक्क कायदा २००६ यांखालचे दावे अभ्यासावेत. इतिहासाने जुने आड आणि बारवा नोंदवाव्यात. मराठी विभागाने रानांची, नाल्यांची, पाणवठ्यांची गावातली नावे गोळा करावीत, तीही गोंडी, कोलामी आणि गोरमाटीसह. ‘पाणमळा’, ‘झरी’ अशी नावे कुठे आहेत, हे नकाशावर मांडले की जुने झरे सापडतात.

वनस्पतिशास्त्राच्या वाट्याला लोक जैवविविधता नोंदवही येते. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि नोंदवही हवी. ही कल्पना घडवण्यात डॉ. माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा होता. बऱ्याच गावांत नोंदवही एखाद्या संस्थेने कार्यालयात बसून भरलेली असते. ती घेऊन मोहाच्या, तेंदूच्या, सागाच्या रानात गावातल्या जाणत्यांसोबत फिरा आणि दुरुस्त करा. औषधी वनस्पतींचे ज्ञान मात्र सांगणाऱ्याच्या संमतीशिवाय छापू नका, प्रबंधातही घालू नका. ते त्याच्या मालकीचे आहे.

महाविद्यालयाच्या आवाराचाही हिशेब करा, पण तो ‘नॅक’च्या सातव्या निकषासाठी विकत आणलेल्या हरित लेखापरीक्षणाच्या फायलीने होत नाही. हजार चौरस मीटरच्या छतावर ९०० मिलीमीटर पाऊस पडला आणि त्यातला ऐंशी टक्के हाती आला, तर ७ लाख २० हजार लिटर होतात. ते पाणी आज कुठे जाते, हे पहिल्या वर्षाच्या मुलांनी पावसात उभे राहून बघावे. एका आठवड्यात त्याचा आराखडा होतो.

२ ऑक्टोबर : ग्रामसभा

हिशेब गावापुढे मांडल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत, हा या कृतीतला सर्वांत कडक नियम. २ ऑक्टोबरची ग्रामसभा रब्बीच्या पेरणीआधी येते, म्हणून हाच दिवस धरा. विहिरींची ऑक्टोबरची मोजणी सप्टेंबरच्या शेवटच्या दोन दिवसांत उरकली तर आकडे हाती येतात. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. तिथे मुलींनी मांडणी करावी, कारण हंडा कोण वाहते हे उघड आहे.

मांडणी वीस मिनिटांची, मराठीत, आणि पोडावर त्यांच्या भाषेत. प्रोजेक्टर नको. मोठ्या कापडावर शिवाराचा नकाशा काढा, विहिरी टिपक्यांनी दाखवा, आणि जमा-खर्च दोन रकान्यांत लिहा. कुणाच्या विहिरीचा आकडा नावाने वाचू नका. पिके बदला असा उपदेशही करू नका. ‘यंदा एवढे पाणी आहे, एवढ्या पेऱ्याला एवढे लागेल’ इथे थांबा. पुढचे गाव बोलेल. हिवरेबाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली दरवर्षी पावसावरून पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली आणि सिंचनासाठी बोअरवेलला बंदी केली. तो निर्णय गावाने घेतला होता, म्हणून तो टिकला. शेजारच्या आंध्र प्रदेशात, तेलंगण वेगळे होण्याआधी, शेतकऱ्यांनीच विहिरी आणि पाऊस मोजण्याचा प्रकल्प सात दुष्काळी जिल्ह्यांतल्या सहाशेहून अधिक गावांत चालला. मोजणारे हात गावातलेच होते आणि पीक बदलण्याची सक्ती नव्हती, तरी अनेकांनी भात सोडून कमी पाण्याची पिके घेतली. आपल्याकडे हे काम महाविद्यालयाने उचलायचे आहे.

कोस्टा रिकातले ‘अर्थ’ (EARTH) विद्यापीठ १९९० पासून शेतीच्या विद्यार्थ्यांना शेतात आणि आसपासच्या वस्त्यांत काम करायला लावते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००४ पासून आफ्रिकेतल्या विद्यापीठांत सर्व विषयांत पर्यावरण आणण्याची मोहीम चालवली. श्रीमंत देशांतल्या विद्यापीठांची नक्कल करण्यापेक्षा आपल्यासारख्या देशांतली ही उदाहरणे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते. तिथेही पैसा कमी आणि गाव जवळ आहे.

गुण

वहीला चाळीस टक्के, ग्रामसभेतल्या मांडणीला तीस, आणि उरलेले तीस तोंडी परीक्षेला. तोंडी परीक्षा विहिरीवरच घ्या. ‘ही नोंद तू घेतलीस, पुन्हा मोजून दाखव’ एवढा एक प्रश्न पुरेसा असतो. छापील, गुळगुळीत बांधणीचा प्रकल्प मागू नका. मागितला की झेरॉक्सचे दुकान पुन्हा सुरू होईल. चुकीची नोंद मान्य करून खाली दुरुस्ती लिहिणाऱ्याचे गुण कापू नका. खोडलेली, पांढरी शाई लावलेली नोंद मात्र बाद करा.

तीन वर्षांनंतर विद्यापीठाकडे

चार हंगामांच्या तीन फेऱ्या झाल्या की तुमच्याकडे प्रत्येक विहिरीचे बारा आकडे असतील, एक बरा आणि एक तुटीचा पावसाळाही बहुधा येऊन गेला असेल. तेव्हा अभ्यास मंडळाकडे जा. सोबत वहीच्या प्रती, ग्रामसभेचे ठराव आणि विद्यार्थ्यांनी भरलेले तास जोडा. मागणी नेमकी ठेवा : पर्यावरणाच्या पेपरचे अर्धे गुण क्षेत्र नोंदींना द्यावेत, क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग एकाच गावात सलग करण्याची मुभा असावी, आणि मे महिन्याच्या मोजणीचे मानधन विद्यापीठाच्या निधीतून मिळावे. विद्यापीठाचे उत्तमराव राठोड आदिवासी विकास व संशोधन केंद्र किनवटलाच आहे, भूशास्त्र संकुल नांदेडच्या परिसरात आहे. वहीची एक प्रत दोन्ही ठिकाणी द्या.

दुसरे महाविद्यालय याच वाटेने निघाले, माहूरचे असो की उदगीरचे, तर त्यांना तुमचे रकाने जसेच्या तसे द्या : तारीख, वेळ, खुणेपासून पाणी, कठड्याची उंची, मोटर बंद होऊन झालेले तास, मोजणाऱ्याचे नाव. गाव, खडक, पीक वेगळे असेल, रकाने बदलू नयेत. महिनेही तेच चार राहावेत. मग चार जिल्ह्यांच्या नोंदी एका तक्त्यात बसतील आणि पुढच्या कोरड्या वर्षी जिल्हाधिकारी कार्यालयात टंचाईची बैठक बसेल तेव्हा टेबलावर ठेवता येतील.